एका ब्राह्मीची दोन वळणं: कन्नड आणि देवनागरी

२०२४ मध्ये कर्नाटकानं कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या आणि आस्थापनांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पाटीचा विषय पुन्हा चघळला जाऊ लागला. त्यातलं राजकारण इथल्या वाचकाला पाठ आहे, ते इथं उगाळत नाही. पण त्या वादात एक गोष्ट दोन्ही बाजू धरून चालतात: कन्नड आणि देवनागरी या एकमेकींना परक्या लिप्या. तसं नाही. दोन्हींची वर्णमाला जवळजवळ एक, स्वरचिन्हं लावायची रीत एक, मूळ अक्षरंही तीच, ब्राह्मी या प्राचीन लिपीतली. बदललं ते वळण. ते कसं बदललं याचे दगडी पुरावे मलप्रभेच्या काठी, म्हणजे आपल्या उशाशीच आहेत.

आधी एक गाठ सोडवू: भाषा वेगळी, लिपी वेगळी

लिपी म्हणजे आवाज कागदावर किंवा दगडावर उतरवायची खुणांची पद्धत. भाषा तिच्या आधीही असते आणि तिच्याशिवायही जगते. एक भाषा अनेक लिप्यांत लिहिता येते, एक लिपी अनेक भाषांना चालते.

ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची ही प्रशस्ती. तिच्यात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यातल्या ९९ हजार गावांचा उल्लेख येतो, म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती हमखास भेटते. भाषा संस्कृत आहे, पण अक्षरं आजच्या कन्नड-तेलुगूच्या पूर्वजाची. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, त्यांचंही तेच: भाषा संस्कृत, अक्षरं दक्षिणी. उलट उदाहरण श्रवणबेळगोळचं. गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे मराठी वाक्य नागरीत, म्हणजे देवनागरीच्या जुन्या रूपात, कोरलंय आणि त्याच आशयाची वाक्यं कन्नड आणि तमिळमध्येही तिथंच आहेत.

तेव्हा ‘देवनागरी ही संस्कृतची मूळ लिपी’ हे ऐकायला बरं वाटलं तरी खरं नाही. संस्कृतला स्वतःची अशी एकच लिपी कधी नव्हती. ज्या प्रदेशात जी लिपी चालत होती, तीत ते लिहिलं गेलं.

लिहिणं सुरू झालं ते हिशेबासाठी

जगातलं सर्वांत जुनं लेखन मेसोपोटेमियात, आजच्या इराकमधल्या उरुक शहरात, सुमारे इ. स. पू. ३३०० ते ३२०० च्या आसपासचं मिळतं. त्यात काव्य नाही, स्तोत्र नाही. बार्ली किती आली, मेंढ्या किती, कुणाला किती बिअर दिली, याच्या नोंदी ओल्या मातीच्या पाट्यांवर आहेत. इजिप्तमध्येही जवळपास त्याच काळात लेखन दिसतं. चीनमध्ये ते इ. स. पू. १२०० च्या सुमारास हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेलं सापडतं.

या सगळ्या पद्धतींत चिन्हं शेकड्यांनी असत, कारण एकेक चिन्ह एका शब्दासाठी किंवा शब्दाच्या तुकड्यासाठी असे. ती शिकण्यात वर्षं जात, म्हणून लिहिणं हा मूठभर कारकुनांचा धंदा राहिला.

बैलाचं डोकं

मोठी कलाटणी सिनाईच्या वाळवंटात दिसते. सेराबित अल खादिम इथं इजिप्शियन लोकांच्या पिरोजा खड्यांच्या खाणी होत्या. तिथं १९०५ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला काही ओबडधोबड कोरीव लेख सापडले. इजिप्शियन चित्रं घेऊन तिथल्या सेमिटिक भाषा बोलणाऱ्या लोकांनी एक युक्ती केली होती: चित्राचा अर्थ सोडायचा आणि त्या वस्तूच्या नावातला फक्त पहिला आवाज घ्यायचा. बैलाला ‘अलेफ’ म्हणत, म्हणून बैलाचं डोकं हे त्या शब्दाच्या पहिल्या आवाजाचं चिन्ह. घराला ‘बेत’, म्हणून घराचा आराखडा म्हणजे ब. भाषेत आवाज थोडेच असतात, त्यामुळे शेकडो चिन्हांचं काम पंचवीस-तीस खुणांवर आलं.

पुढं फिनिशियन व्यापाऱ्यांकडं २२ अक्षरं होती, सगळी व्यंजनं, उजवीकडून डावीकडं लिहायची. ग्रीकांनी ती उचलली, आपल्याला नको असलेल्या व्यंजनांच्या खुणा स्वरांना दिल्या आणि बैलाचं डोकं फिरत फिरत इंग्रजीतलं ‘ए’ झालं. त्याच फिनिशियन घराण्यातली दुसरी शाखा अरामी. इराणच्या साम्राज्यात दफ्तराची लिपी म्हणून अरामी पार गांधारापर्यंत पोचली.

ब्राह्मीनं काय वेगळं केलं

वाचता येणारी ब्राह्मी मोठ्या प्रमाणात भेटते ती अशोकाच्या लेखांत, इ. स. पू. तिसऱ्या शतकात. श्रीलंकेत अनुराधपूरला ब्राह्मी अक्षरांची खापरं त्याहून थोड्या आधीच्या थरांत मिळाली आहेत. ब्राह्मी आली कुठून, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो अरामीच्या नमुन्यावरून घडली, दुसरा म्हणतो इथंच घडली. सिंधू संस्कृतीच्या चिन्हांशी नातं जोडणाऱ्यांना मात्र एक मोठा खड्डा बुजवावा लागतो: ती चिन्हं इ. स. पू. १९०० च्या सुमारास थांबतात, अजून वाचली गेलेली नाहीत आणि मध्ये हजार-दीड हजार वर्षं काहीच नाही.

खुणा कुठूनही आलेल्या असोत, पद्धत भारतीय आहे. तिला अक्षरलिपी म्हणतात. प्रत्येक व्यंजनात ‘अ’ आधीच बसलेला असतो. दुसरा स्वर हवा तर व्यंजनालाच छोटी रेघ जोडायची. ब्राह्मीत अक्षराच्या डोक्याला उजवीकडं आडवी रेघ दिली की आ, डावीकडं दिली की ए, दोन्हीकडं दिली की ओ, आणि पायाशी जोडली की उ. शिवाय अक्षरांचा क्रम तोंडात आवाज कुठं होतो त्याप्रमाणं लावला: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाला असा काही हिशेब नाही. आपला तक्ता बेळगावच्या मराठी शाळेत आणि शेजारच्या कन्नड शाळेत एकाच क्रमानं म्हटला जातो, तो त्यामुळं.

वाचली कुणी आणि कशी

ब्राह्मी वाचणारं माणूस मध्यंतरी उरलंच नव्हतं. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अभ्यासक सांचीच्या छोट्या लेखांचे ठसे बघत होता. स्तूपाच्या कठड्यावर आणि फरसबंदीवर वेगवेगळ्या ठिकाणी कोरलेले हे लेख, पण बहुतेकांचा शेवट सारखा: तीच दोन अक्षरं, शेवटी एक टिंब. कठड्याच्या एकेका दगडावर एवढंसं काय लिहिलं असेल? दात्याचं नाव आणि ‘दान’. म्हणजे ती अक्षरं ‘दानं’. त्यातून द, न आणि अनुस्वार मिळाले. त्यांच्या अलीकडचं अक्षर ‘अमक्याचं’ दाखवणारा ‘स’ असणार. एकदा इतकं हाती आल्यावर बाकीची मुळाक्षरं भराभर सुटली.

या उलगड्याचा कर्नाटकाला मोठा फायदा झाला. १८९२ मध्ये शिलालेखांचे अभ्यासक बी. एल. राईस यांना चित्रदुर्ग भागात ब्रह्मगिरी, सिद्दापूर आणि जटिंग-रामेश्वर इथं अशोकाचे लेख सापडले. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. लेखाखाली लिहिणाऱ्याची सही आहे: ‘चपडेन लिखिते’ एवढं ब्राह्मीत, आणि पुढचा ‘लिपिकरेण’ हा शब्द खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडं. खरोष्ठी ही पेशावरकडची लिपी. उत्तरेतल्या टोकाला शिकलेला हा चपड नोकरीनिमित्त दक्षिणेत आला होता आणि दोन लिप्या येतात हे त्याला दाखवायचं होतं, असं मानायला हरकत नाही.

सरळ रेघा वळल्या कशा

बँकेत खातं उघडताना केलेली सही आणि त्याच माणसाची वीस वर्षांनंतरची सही शेजारी ठेवा. कुणी ठरवून बदललेली नसते, तरी मॅनेजर हरकत घेतो. लिपीचंही तेच झालं, फक्त वीसऐवजी हजार-बाराशे वर्षं आणि एका माणसाऐवजी दोन प्रदेशांतले लेखक.

अशोककालीन ‘क’ म्हणजे निव्वळ बेरजेचं चिन्ह. उत्तरेत आडव्या रेघेची डावी बाजू खाली वाकून उभ्या रेघेला चिकटली, तिचा गोळा झाला. उजवी बाजू खाली लोंबली. झाला देवनागरी क. दक्षिणेत उभ्या रेघेचंच शेपूट खाली लांबलं, डावीकडं वळून वर आलं आणि आडव्या रेघेला भिडलं. म्हणून कन्नड ‘क’ मध्ये फास खालच्या अंगाला आहे.

‘ग’ ब्राह्मीत दोन पायांवर उभा टोकदार कोन होता. कन्नडनं टोक गोल केलं आणि कमान तशीच ठेवली. देवनागरीनं उजवा पाय सरळ काठीसारखा उभा केला आणि डाव्याला पायाशी गाठ दिली. ‘र’ ही नुसती उभी रेघ. दक्षिणेत तिचं खालचं टोक वर वळत वळत डोक्याला टेकलं, म्हणून कन्नड ‘र’ आज गोल आहे. ‘ठ’ हा मात्र अशोकापासून आजवर वर्तुळच. देवनागरीनं त्याला रेघेखाली टांगलं, कन्नडनं पोटात टिंब दिलं.

डोक्यावरच्या रेघेचं मूळही एकच. शाईची लेखणी टेकताना सुरुवातीला क्षणभर थांबते, तिथं शाई साचून जाडसर टोक होतं. लेखकांना ते आवडलं आणि ते मुद्दाम काढू लागले. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटीच आहे. उत्तरेत ही टोकं आडवी पसरली, शेजारच्यांना भिडली, तीच शिरोरेषा. कन्नडमध्ये ती अक्षरागणिक सुटी राहिली, तिला तलकट्टु म्हणतात.

आपल्या पहिल्या वेलांटीचं कोडंही यातच सुटतं. ‘कि’ बोलताना आधी क येतो, मग लिहिताना इ आधी का? ब्राह्मीत इ ची खूण अक्षराच्या डोक्यावरच होती. उत्तरेत ती डावीकडं वळली आणि सुशोभनाच्या हौसेनं खालपर्यंत ओढली गेली. दीर्घ ई उजवीकडं वळली. वेलांट्या अशा दोन बाजूंना गेल्या. कन्नडमध्ये ऱ्हस्व इ अजून डोक्यावरच बसते.

‘ताडपत्रामुळं कन्नड गोल झाली’: हे पुरं उत्तर आहे का?

अर्धं आहे. दक्षिणेत ताडपत्रावर शाईनं लिहीत नसत, लोखंडी टोच्यानं कोरत आणि नंतर काजळी चोळून अक्षर काळं करत. पानाचे धागे लांबीच्या दिशेनं जातात. त्या दिशेनं टोच्या दाबून सरळ आडवी रेघ ओढली की पान चिरतं. शिरोरेषा म्हणजे नेमकी तशीच रेघ. उत्तरेत ताडपत्र आणि भूर्जपत्र यांवर शाईनं लिहीत, पुढं कागद आला, तिथं ही अडचण नव्हती.

पण तमिळही त्याच ताडपत्रावर, त्याच टोच्यानं लिहिली गेली आणि तिच्यात कोन आणि आडव्या रेघा भरपूर आहेत. शिवाय गोलाई बदामीच्या दगडावरही दिसते आणि दगडाला धागे नसतात. तिथं होत असे ते असं: लेखक आधी दगडावर अक्षरं रेखून देई, पाथरवट त्यावरून छिन्नी चालवी, म्हणजे हाताचं वळण दगडात उतरे. साहित्यानं काही रेघा महाग केल्या एवढंच. उरलेल्यांतून निवड केली ती त्या त्या प्रदेशातल्या लेखकांच्या सवयीनं.

एका खांबावर दोन्ही

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पुढं पट्टदकलला जाते. तिथं मंदिरांच्या आवारात चालुक्य राजा दुसरा कीर्तिवर्मन याच्या काळचा, इ. स. ७५४ चा खांब आहे. गंगेच्या उत्तर काठच्या प्रदेशातून आलेल्या ज्ञानशिवाचार्यानं तो उभारला. मजकूर संस्कृत, एकच, पण दोनदा कोरलेला: एकदा स्थानिक कन्नड वळणात आणि एकदा उत्तरेच्या सिद्धमातृका वळणात, ज्यातून पुढं नागरी घडली. म्हणजे आठव्या शतकापर्यंत वळणं इतकी दुरावली होती की उत्तरेच्या वाचकासाठी वेगळी प्रत काढावी, असं कुणाला तरी वाटलं. लिप्या कधी वेगळ्या झाल्या असं कुणी विचारलं तर मी तारखेऐवजी या खांबाकडं बोट दाखवीन. कन्नड आणि तेलुगूची फारकत याच्याही कितीतरी नंतरची, तेराव्या शतकानंतरची.

मग घरातली मोडी कुठली?

मोडी हे नागरीचंच घाईचं रूप. बोरू उचलावा लागू नये म्हणून अक्षरं मोडली आणि जोडली. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं जुन्या जमिनीच्या कागदांत कन्नड आणि मोडी दोन्ही निघतात. मोडी ओळखायची सोपी खूण: आधी पानभर आडवी रेघ ओढलेली, मग तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत मोकळी जागा नाही.

वाचताना दोन ठिकाणी घसरायला होतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळत नाहीत, तो संदर्भानं लावायचा. दुसरं, साल. जुन्या कागदांत शुहूर सन (मराठेशाहीत चालणारी एक कालगणना) अरबी शब्दांत असतो आणि एकम आधी येतो: ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७७२-७३. शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे.

देवनागरी वाचणाऱ्याला कन्नड पाटी कुठं फसवते

अंकांपासून सुरुवात करावी. कन्नड २ आणि ३ बरेचसे आपल्यासारखे आहेत. नाशिकच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, तीन म्हणजे तीन. हात न उचलता त्या जोडल्या की दोन्ही आकार मिळतात, इंग्रजी २ आणि ३ सुद्धा.

अनुस्वार डोक्यावरचं टिंब नसून अक्षरापुढचं वर्तुळ आहे, त्याला शून्य समजू नका. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली बसतं. त्याला ओत्तक्षर म्हणतात आणि ही रीत आपल्या अर्ध्या अक्षरांपेक्षा ब्राह्मीच्या जवळची आहे. रफाराची खूण (अर्कावत्तु) पुढच्या व्यंजनानंतर येते, पण उच्चार त्याच्या आधी करायचा. ‘धर्म’ वाचताना नवखा माणूस इथं हमखास अडखळतो. तलकट्टु हे ‘अ’ चं चिन्ह असल्यानं दुसरा स्वर आला की बहुधा ते जातं किंवा बदलतं. आपली शिरोरेषा मात्र कायम असते. कन्नडला ए आणि ओ हे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. बेळगावीतला ‘बे’ कन्नडात ऱ्हस्व आहे, तो मराठीच्या देवनागरीत दाखवता येत नाही. शेवटची ‘वि’ देखील तिथं ऱ्हस्व. मराठी शुद्धलेखनात शेवटचा इकार दीर्घ, म्हणून आपण ‘वी’ लिहितो.

हे नातं संगणकातही उतरलंय. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकी मानकात, देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. ळ घ्या, अनुस्वार घ्या, फरक तोच, कारण दोन्ही तक्ते एकाच भारतीय मानकावरून लावले. त्यामुळं ८९६ मिळवून मराठी मजकूर कन्नड लिपीत फिरवणारी साधनं निघतात आणि पाट्यांवरच्या चुकाही तिथूनच येतात. ‘ऑफिस’मधल्या ऑ ला त्या जागी कन्नडमध्ये अक्षरच नाही, तिथं रिकामा चौकोन उमटतो; कन्नड माणूस साधा आ लिहितो. ‘गणपत गल्ली’ अक्षराला अक्षर फिरवली तर कन्नड वाचक शेवटच्या त मधला अ पुरा म्हणतो, कारण मराठीतला न बोलला जाणारा अ त्याला माहीत नसतो. हवा असेल तर हलन्त द्यावा लागतो. ‘गल्ली’ची दीर्घ वेलांटीही तिथं खटकते, कन्नडात ती ऱ्हस्व आहे. जाधवांतला ज आणि जयमधला ज कन्नडात एकाच अक्षरानं लिहावे लागतात. पण त्याबद्दल कन्नडला नावं ठेवता येत नाहीत, देवनागरीही हा फरक दाखवत नाही.